काचेची काठी

नदीकाठी वाढलेल्या माणसाला गळ म्हणजे काय ते सांगायला नको. वेळूची एक काठी, तिच्या टोकाला दोरा, दोऱ्याला शिशाची गोळी, शेवटी आकडा आणि आकड्याला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी. एवढ्या सामानावर आपल्याकडची पोरे सुट्टीची अख्खी दुपार पाण्याकाठी काढतात. ह्या गळात आपण फेकतो ते काय, एवढे मात्र ध्यानात ठेवा. आपण शिसे फेकतो. दोरा बिचारा त्याच्यामागून ओढला जातो. काठीला काम असे थोडेच. मासा लागला की हिसका द्यायचा, झाले.

आज ज्या काठीची हकीकत मी तुम्हांला सांगणार आहे ती ह्याहून निराळी आहे. तिच्या दोरीला शिसे नाही, गांडूळही नाही. आकड्यावर लोकर आणि पिसे गुंडाळून केलेली एक खोटी माशी असते. पाण्यावर तरंगणाऱ्या किड्यासारखी ती दिसावी, एवढाच तिचा उद्देश. वजन म्हणाल तर फुंकर मारली तर उडून जाईल. आता ही वस्तू चाळीस-पन्नास फुटांवर, नेमकी त्या दगडाच्या आडोशाला, पाण्यावर अलगद कशी टाकायची? पीस फेकून पाहा, पायाशीच पडते.

शेतकऱ्याच्या हातातला आसूड आठवा. मूठ पुढे जाते, वादीला एक वळसा पडतो आणि तो वळसा धावत धावत पार टोकापर्यंत जातो. ह्या खेळात तेच करतात. दोरीच जाड आणि वजनदार करायची आणि तिचाच आसूड करायचा. शेवटचा हात-दोन हातांचा तंतू तेवढा बारीक; त्याच्या टोकाला माशी. काठी मागे नेली की दोरी डोक्यावरून मागे जाते, हवेत सरळ होते, आणि तिच्या ओढीने काठी वाकते. वाकलेली काठी पुढे आणली की ती कमानीसारखी सुटते आणि दोरी पुढे उलगडत जाते. म्हणजे इथे काठी ही नुसती काठी राहिली नाही, ती कमान झाली. ती किती वाकते आणि किती वेळात सरळ होते, ह्यावर सगळा खेळ. काठी कशाची करावी, ह्यासाठी माणसांनी काही शतके डोके का खपवले ते आता तुमच्या लक्षात येईल.

हा खेळ ज्या माशासाठी जन्मला तो ट्राउट. थंड, वाहत्या, स्वच्छ पाण्यात राहणारा, अंगावर ठिपके असलेला, पाण्यावरचे किडे टिपून खाणारा. युरोपातल्या ओढ्यांत तो मूळचा. हिंदुस्थानात इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात खटपट सुरू करून तो निलगिरीच्या आणि काश्मीरच्या ओढ्यांत आणून सोडला. आपल्या महाराष्ट्रातल्या नद्यांचे पाणी त्याला मानवणारे नाही. म्हणून ही काठी आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिली असेल.

खेळ मात्र जुना आहे. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आरंभी ईलिअन नावाच्या रोमन ग्रंथकाराने प्राण्यांवर एक पुस्तक लिहिले. मॅसिडोनियात ॲस्ट्रिअस नावाच्या नदीवर लोक आकड्याला तांबडी लोकर गुंडाळतात, तिच्यावर कोंबड्याच्या गळ्याजवळची दोन पिसे बांधतात आणि ठिपकेवाले मासे धरतात, असे त्यात आहे. काठी सहा फूट, दोराही सहा फूट. पुढे 1496 मध्ये इंग्लंडात गळाच्या मासेमारीवर एक प्रबंध छापला गेला. तो एका मठवासिनी बाईच्या नावावर चालत आला आहे, पण त्याला भक्कम पुरावा नाही. त्या प्रबंधात बारा निरनिराळ्या माश्या कशा बांधाव्यात ते आहे, आणि काठी कशी करावी तेही आहे: बुंध्याला हेझल किंवा विलो, तो तापलेल्या सळईने आतून पोकळ करायचा, आणि शेंड्याला काटेरी झुडपाची चिवट फांदी. दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची. आयझॅक वॉल्टन ह्या लंडनच्या दुकानदाराचे 1653 चे पुस्तक तर इंग्रजी वाङ्मयात अमर झाले आहे. 1676 च्या आवृत्तीत त्याचा मित्र चार्ल्स कॉटन याने माशीच्या मासेमारीचा भाग त्याला जोडला. त्या काळच्या काठ्या पंधरा ते अठरा फूट लांब असत. असली काठी दिवसभर धरायची म्हणजे खांद्याचे काय होत असेल!

लाकडाला पर्याय सापडला तो आपल्या देशातून, हे सांगायला मला विशेष आनंद वाटतो. कलकत्त्याच्या बंदरातून परदेशी जाणाऱ्या वेळूला तिकडे 'कलकत्ता केन' म्हणत. त्याच्या अंगावर बहुधा चटके दिल्याचे काळे डाग असत. 1846 च्या सुमारास अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानिया राज्यात, ईस्टन गावी, सॅम्युअल फिलिपी नावाचा बंदुका आणि व्हायोलिने करणारा कारागीर होता. त्याने हा वेळू चिरला, त्याच्या कामट्या तासल्या आणि त्या एकमेकींना सरसाने चिकटवून काठीचा शेंडा केला. कोणत्याही बुरुडाला विचारा, वेळूचे बळ त्याच्या पाठीत असते. पोटातला गर कामाचा नाही. फिलिपीने नेमकी पाठ ठेवली आणि पोट टाकून दिले. पुढे 1870 नंतरच्या दशकात मेन राज्यातल्या बँगर गावच्या हायरम लिओनर्डने सहा कामट्यांची षट्कोनी काठी प्रसिद्धीला आणली. कामट्या तासायचे त्याचे यंत्र कुलूपबंद खोलीत असे, असे सांगतात. कारागिराचे गुपित म्हणजे त्याची भाकरी. त्या बाबतीत सगळे देश सारखे.

आपला कलकत्त्याचा वेळू मात्र ह्या मानाच्या जागी फार दिवस टिकला नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत चिनी वेळूने त्याला हटवले. व्यापारी त्याला 'टोंकिन' म्हणतात. टोंकिन म्हणजे व्हिएतनामचा उत्तर भाग, आणि हा वेळू तिथला मुळीच नाही! तो दक्षिण चीनच्या क्वांगतुंग प्रांतात, स्वेई नदीच्या खोऱ्यातल्या टेकड्यांवर होतो. तिथले लोक तो तोडून नदीवर आणतात, वाळूने घासून स्वच्छ करतात आणि उन्हात वाळवतात. कँटनमध्ये राहून वेळूचाच अभ्यास करणाऱ्या मॅक्लूर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1931 मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले. त्यातल्या लॅटिन शब्दाचा अर्थ 'मनोहर' असा आहे. शास्त्रज्ञही कधीमधी प्रेमात पडतात.

ह्या वेळूची काठी म्हणजे नजाकतीचे काम. सहा कामट्या, प्रत्येक त्रिकोणी, बुंध्याकडून शेंड्याकडे निमुळती होत गेलेली, आणि तीही इंचाच्या हजाराव्या भागाच्या मापाने. एका काठीमागे कुशल माणसाचे कित्येक दिवस जात. साहजिकच ती महाग, आणि साहजिकच हा खेळ खिशात पैसा असलेल्यांचा झाला. कामगाराच्या पोराने पुलावर उभे राहून पाहावे, एवढेच.

आता काचेकडे येतो. काचेचे तंतू काढता येतात हे लोकांना ठाऊक होते. 1893 मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात लिबी नावाच्या काचकारखानदाराने काचतंतू आणि रेशीम मिळून विणलेला एक झगा मांडला होता. लोक गर्दी करून पाहत. पण झगा घालून बसायचे कसे, हा प्रश्न होताच. खरा उपयोगी तंतू निघाला तो 1932 मध्ये, आणि तोही चुकून. ओहायो राज्यातल्या ओवेन्स-इलिनॉय कंपनीत डेल क्लाइस्ट नावाचा तरुण काचेच्या दोन विटा सांधायच्या प्रयत्नात होता. दाबलेल्या हवेचा झोत वितळलेल्या काचेवर पडला आणि बारीक तंतूंचा वर्षाव झाला. त्याचा वरिष्ठ गेम्स स्लेटर ह्याने त्या चुकीचे मोल ओळखले. 1938 मध्ये ओवेन्स-कॉर्निंग कंपनी निघाली, आणि दुसरे महायुद्ध आल्यावर हा तंतू राळेत भिजवून विमानांवरील रडारच्या टोपणांना वापरला जाऊ लागला. हलके, न गंजणारे, आणि चिवट. बाटलीतली काच ठिसूळ खरी, पण तीच केसाहून बारीक ओढली की वाकते, हे तेव्हा कारखान्यांना उमगले.

त्याच युद्धाच्या काळात, 1944 च्या सुमारास, टोलेडो शहरात राळेच्या धंद्यात असलेले आर्थर हॉवाल्ड नावाचे रसायनशास्त्रज्ञ मिशिगन राज्यात ट्राउट धरायला गेले आणि त्यांच्या वेळूच्या काठीचा शेंडा मोडला. युद्धाचे दिवस, चीनचा वेळू यायचा कोठून? त्यांनी काचतंतू आणि राळ यांचा शेंडा करून बसवला. तो मोडेना. शेक्सपिअर नावाची मासेमारीच्या सामानाची कंपनी कॅलमझू गावी होती (नाटककाराशी तिचा काही संबंध नाही). तिने ही कृती घेतली आणि त्या दशकाच्या अखेरीस 'वंडररॉड' नावाची पांढरी काठी बाजारात आणली.

एवढ्यावर वेळू हटला असता असे मला वाटत नाही. वेळूवाले लोक काचेला नाक मुरडतच होते. पण 1950 मध्ये कोरियाच्या युद्धात चीन उतरला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेने चीनशी सगळा व्यापार बंद केला. स्वेई नदीच्या काठचा वेळू अमेरिकेत यायचा थांबला, तो थेट 1971 पर्यंत, म्हणजे वीस वर्षांवर. ज्यांच्या वखारीत जुना साठा होता ते कारागीर तग धरून राहिले. बाकीच्यांनी हत्यारे ठेवून दिली. मुलांना कोरियाचे युद्ध शिकवताना आपण अडतिसावा अक्षांश सांगतो, सेनापतींची नावे सांगतो. त्या युद्धाने मिशिगनमधल्या एखाद्या पोराच्या हातातली काठी बदलली, आणि दक्षिण चीनमधल्या शेतकऱ्याचे एक गिऱ्हाईक वीस वर्षे तोडले, हे कोणत्याच पाठ्यपुस्तकात येत नाही. मला विचाराल तर तेही त्या धड्यात यायला हवे.

काठी करायची नवी रीत कारखान्याला सोयीची होती. निमुळती पोलादी सळई घ्यायची, राळ मुरवलेले काचकापड बेताने कापून तिच्यावर, लाटण्याभोवती पोळी गुंडाळावी तसे, घट्ट गुंडाळायचे, वरून पट्टी आवळायची, भट्टीत भाजायचे, आणि मग सळई ओढून काढायची. उरते ती पोकळ, हलकी नळी. पावसात भिजली तर फुगत नाही, उन्हात राहिली तर सरस सुटत नाही, मोटारीच्या टपावर टाका नाहीतर कोपऱ्यात उभी करा, वाकडी होत नाही. आणि किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यातली. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत अमेरिकेतल्या असंख्य पोरांच्या हातात पहिली काठी आली ती काचेची. दोरीतही त्याच सुमारास फरक पडला. पूर्वीची रेशमी दोरी तेल लावून, रोज वाळवून जपावी लागे. 1950 नंतर प्लास्टिकचा लेप दिलेली दोरी निघाली आणि ती कटकट संपली. त्याआधीच टोकाच्या तंतूसाठी रेशमाच्या किड्याच्या रेशीमग्रंथीतून ओढलेल्या तंतूऐवजी नायलॉन आले होते. पुलावरून पाहणारा पोरगा पाण्यात उतरला तो ह्या सगळ्यामुळे.

काचेच्या काठीतही कलावंत निघाले, बरं का. कॅलिफोर्नियात पॅसडीना इथे रस पीक नावाचा कारागीर काचेच्या काठ्या वेळूच्या तोलामोलाच्या करी. फेनविक कंपनीच्या जिम ग्रीनने काठीच्या दोन तुकड्यांचा सांधाच काचेचा केला. आधी तिथे धातूची खोबण असे, आणि तेवढ्या जागी काठी वाकत नसे. आता वाक एकसंध, मुठीपासून शेंड्यापर्यंत, आला. म्हणजे काठी कुठे चांगली झाली असे म्हणावे तोच तिच्यावर पाळी आली.

इंग्लंडात फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधनसंस्थेत 1960 नंतर कर्बतंतू, म्हणजे कार्बन फायबर, उपयोगी स्वरूपात निघाला. विमानांसाठीच. 1973 मध्ये ह्याच फेनविक कंपनीने त्याची काठी बाजारात आणली. कर्बतंतू काचतंतूच्या तिपटीहून अधिक ताठ, आणि वजनाला हलका. लांब फेक, झटपट फेक. दहा-बारा वर्षांत माशीच्या काठ्यांच्या बाजारातून काच जवळजवळ गेली. जी वस्तू वेळूला हटवून आली ती एका पिढीतच अडगळीत पडली. गंमत पाहा, 1971 मध्ये चीनचा व्यापार पुन्हा खुला झाला तेव्हा वेळू परत आला आणि शौकिनांनी त्याला मानाने घरात घेतले. काचेला तेवढा मान कोणी दिला नाही. वेळू म्हणजे घराणे, कर्ब म्हणजे विज्ञान, आणि काच म्हणजे स्वस्तातली वस्तू!

इतिहास इथे संपला असता तर मी हा विषय घेतला नसता. एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून काचेची काठी परत येऊ लागली. अमेरिकेत, जपानात, न्यूझीलंडमध्ये लहान लहान कार्यशाळा निघाल्या. ऑर्व्हिस आणि स्कॉट ह्यांच्यासारख्या नामांकित कंपन्यांनीही पुन्हा काचेच्या काठ्या काढल्या. त्यांतल्या कित्येकींत जी बळकट काच वापरतात ती मुळात 1960 नंतर क्षेपणास्त्रांच्या नळकांड्यांसारख्या कामांसाठी तयार झालेली.

लोक का वळले? पहिले उत्तर कोणीही देईल: बालपणीची आठवण. ज्या काठीने पहिला मासा धरला ती म्हातारपणी पुन्हा हातात घ्यावीशी वाटते. हे खरे असेल. पण ते पुरेसे नाही, कारण आठवणीसाठी माणूस जुनी वस्तू जपतो, नवी कारखान्यात करवून घेत नाही. दुसरे उत्तर काठीतच आहे.

कमान वाकली तरच बाण सुटतो. ताठ काठी वाकवायला बरीचशी दोरी हवेत जावी लागते. मोठ्या नदीवर, वाऱ्यात, साठ-सत्तर फुटांवर फेकायचे असेल तर दोरी तेवढी असतेच, आणि तिथे कर्बाची काठी उत्तम. ह्यात वाद नाही. पण ट्राउटचे कितीतरी ओढे दहा-पंधरा फूट रुंद असतात. वर झाडांच्या फांद्या, दोन्ही काठांना झुडपे, मासा वीस फुटांवर. तिथे हवेत दोरी असते थोडीशी, तिच्या ओढीने ताठ काठी वाकत नाही आणि फेकणाऱ्याला आपण नुसती छडी हलवतो आहोत असे वाटते. काच तेवढ्या वजनालाही वाकते, तळहातापर्यंत वाकते. दोरी मागे सरळ झाली, काठी भरली, हे मुठीला कळते. तिला घाई चालत नाही. मागे गेलेली दोरी उलगडेपर्यंत क्षणभर थांबावेच लागते, आणि न थांबणाऱ्याची माशी मागच्या झुडपात अडकते.

आणि मासा लागल्यावर? मोडण्यापूर्वी काचतंतू कर्बतंतूच्या जवळजवळ तिप्पट ताणला जातो. म्हणून काठी माशाच्या धडपडीला देत-घेत राहते, आणि टोकाचा केसासारखा तंतू सहसा तुटत नाही. वीतभर मासाही अशा काठीला चांगली कमान देतो. ताठ काठीवर तोच मासा हातभर पाण्यातून नुसता ओढत आणला जातो.

शिक्षकमित्रांनो, आपण पाषाणयुग, ताम्रयुग, लोहयुग अशी शिडी फळ्यावर काढतो. मी स्वतः कैक वर्षे काढत आलो आहे. मुले ती पाठ करतात, आणि लोखंड निघाले त्या दिवशी दगड फेकून दिला असे समजून घरी जातात. घरी आई खलबत्त्यात मसाला कुटत असते. माझ्या वर्गात एकदा एका मुलाने ह्याच खलबत्त्यावरून मला अडवले होते, आणि त्या दिवशी माझ्याजवळ धड उत्तर नव्हते. काठीची ही हकीकत वाचल्यावर मला त्याचा प्रश्न नीट कळला. वेळूला कर्बाने हटवले नाही. त्याला हटवले एका व्यापारबंदीने. काचेला कर्बाने हटवले ते लांब फेकीच्या हिशेबात, आणि तो हिशेब सगळ्या ओढ्यांना लागू नव्हता. कोणत्या कामाला, कोणाच्या हाताला, किती पाण्यावर, हे विचारल्याशिवाय 'सुधारलेली वस्तू' हा शब्द वापरायला मी आता जरा कचरतो.

स्वेई नदीच्या खोऱ्यात तो मनोहर वेळू अजून होतो, वाळूने घासला जातो आणि समुद्रापलीकडे जातो. डेन्व्हर शहरातल्या एका जुन्या कंपनीची पिवळीधमक काचेची काठी अजून दुकानात मिळते, आणि ती अजूनही स्वस्तच आहे. कर्बाच्या काठ्या दर वर्षी नवीन निघतात. अमेरिकेतल्या एखाद्या डोंगरी ओढ्यावर ऐन उन्हाळ्यात गेलात तर ह्या तिन्ही प्रकारच्या काठ्या हातात घेतलेली माणसे गुडघाभर पाण्यात उभी दिसतील. ओढा अरुंद असेल, फांद्या खाली आलेल्या असतील, तर काचेची काठीवाला कोणता हे दुरूनही ओळखता येते. दोरी मागे गेलेली असते आणि तो थांबलेला असतो.